तू आणि तपाईं

५ एप्रिल
प्रशिकनं आज बॉम्बच टाकला. वरणात लिंबू पिळता पिळता म्हणे, आई, मले लग्न करायचं आहे, ऑफिसातली पोरगी आहे, सृजना नाव, नेपाळची. एका दमात! मी म्हटलं, नेपाळ म्हणजे नेपाळ? तर म्हणे, दुसरं कोणतं असते?

मले वाटलं, आता ह्यांचं डोकं फिरते. ह्यांनी फक्त आडनाव विचारलं. पोट्टा म्हणाला, शाक्य. झालं. हे उठून उभेच राहिले. शाक्य म्हणजे तथागतांचं कूळ म्हणे! हात धुतले न धुतले, फोन घेऊन गॅलरीत गेले विहारातल्या दोस्तायले सांगायले. मी एकटीच ताटांपाशी.

मले काय वाटून राहिलं ते इथंच लिहिते, दुसरीकडं कुठं लिहू. नेपाळ म्हटलं की मले कॉलनीत शिट्टी वाजवत फिरणारा चौकीदारच आठवते. मोठा देश आहे, माणसं राहतात, शाळा असतील, भांडणं असतील. माह्या डोक्यात फक्त शिट्टी!

८ एप्रिल
सृजना घरी आली. मी आपली कॅलेंडरवरची जपानी बाई डोळ्यापुढं धरून बसली होती. ही तर रामटेककडची वाटते. मराठीही बोलते, कॉलेज इथंच झालं तिचं. जुनी घरं न पाडता दुरुस्त करायचं शिकली आहे. असंही शिक्षण असते म्हणा.

समोरच्या फ्लॅटमधली मयुरा ब्लाउज न्यायले आली होती. मुद्दाम आली, ब्लाउज तर परवाच शिवून झालं होतं. म्हणे, नेपाळची का वं? मग मोमो मस्त करत असन! सृजना हसून म्हणाली, मावशी, मला फक्त अंडं उकडता येतं. मले तेव्हाच आवडली ती.

ह्यांनी हात जोडून लुंबिनीबद्दल विचारलं. तिथं जायचं तीस वर्षं मनात आहे त्यांच्या. ती म्हणाली, शाळेची सहल गेली होती काका, मी बसमध्ये उलट्या केल्या. ह्यांनी जोडलेले हात हळूच खाली घेतले.

एकच गोष्ट खटकली. मले तुम्ही. ठीक, मोठी आहे मी. पण प्रशिकलेही तुम्ही! खालच्या भाजीवाल्याले तुम्ही, मयुराच्या चार वर्षांच्या पोरीले तुम्ही. आपण बसा, आपण घ्या. माह्या घरात की कलेक्टर ऑफिसात, समजेना. सगळ्यायपासून सारख्या अंतरावर उभी असल्यावाणी वाटते ही पोरगी. जीव लावणार कुठून?

१२ एप्रिल
आज तिच्या आईचा फोन — व्हिडिओवाला. पद्मा नाव. तानसेन म्हणून डोंगरावरचं गाव आहे, तिथं शाळेत शिकवतात. नवरा नाही. ही एकच पोरगी.

अकरा ठरले होते. पावणेअकरालेच फोन वाजला! हे बनियनवर, मी केस विंचरून राहिली होती. तिकडं बाई साडी नेसून, पदर नीट घेऊन, ताठ बसलेली. मग माह्या बाजूले बसलेली सृजना कपाळावर हात मारून म्हणाली, आमचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं असतं, मी विसरलेच. दोन देश, मधात नुसती रेघ, अन् तेवढ्यात पाव तासाचा फरक!

पद्माबाईनं पहिला प्रश्न केला — बुद्ध कुठं जन्मले? हिंदीत, मास्तरणीच्या आवाजात. म्हणे, भारतातले लोक भारतात जन्मले म्हणतात. ह्यांनी बनियनवरच छाती पुढं काढली. लुंबिनी, नेपाल! बाईच्या तोंडावर पहिल्यांदा थोडं हसू आलं.

मग विचारलं, नागपुरात उन्हानं माणसं मरतात ना? मी म्हटलं, कूलर आहे. मग म्हणे, तुमच्याकडं सासवा सुनांशी कशा वागतात ते मी टीव्हीत रोज पाहते. आता बोला! मी मशीनवर बसून लोकांचे फॉल-पिको करते, कटकारस्थानाले वेळ कुठं आहे मले?

पण बाई मले आवडली. डोळे पाहिले तिचे, पोरीकडंच लागलेले. कोणी आवडलं की माह्या तोंडातून आप-बिप निघत नाही, हे तर मले चांगलं माहीत आहे. मी म्हटलं, तू कब आ रही बहन? तेरे को गरमी नै लगने देती मैं. तू टेंशन मत ले, तेरी बेटी मेरी बेटी!

तिकडं बाईनं पदर आणखी घट्ट ओढला. मग म्हणे, शाळेच्या वह्या तपासायच्या आहेत. फोन कट.

१४ एप्रिल
जयंती. दीक्षाभूमीवर पाय ठेवायले जागा नव्हती. सृजना आमच्यासोबत येणार होती, त्यायचं नवीन वर्षही आजच लागते. आली नाही. प्रशिक दिवसभर फोन पाहत फिरला.

१५ एप्रिल
कारण समजलं. पद्माबाई म्हणतात, ज्या घरात पहिल्याच बोलण्यात माझा अपमान झाला त्या घरात पोरगी देणार नाही.

कसला अपमान? काय शिवी दिली मी?

प्रशिक म्हणाला, आई, तू त्यायले तू म्हटलं.

१६ एप्रिल
सृजना आज आली, रडून डोळे सुजलेले. सांगत होती — आमच्यात तँ, म्हणजे तू, म्हटलं की भांडण असतं. नाहीतर कुत्र्याला म्हणतात. माझी आई शाळेत पोरांनाही तपाईं, म्हणजे तुम्ही, म्हणते. बाबा गेले तेव्हा दुकानावर एकाने तिला तँ म्हटलं होतं, नवरा नसलेली बाई म्हणून. ते ती अजून विसरली नाही.

मी चिडली. खोटं कशाले लिहू, चांगलीच चिडली. म्हटलं, माह्या आईले मी मरेपर्यंत तू म्हटलं. माहा पोट्टा मले तू म्हणते. आईले कोणी आपण म्हणते का वं? तुम्ही तर बापाले म्हणतात, सायबाले म्हणतात. जिच्या कुशीत झोपलो तिले तू!

ती डोळे पुसून म्हणाली, प्रशिकने फोनवर तुम्हाला तू म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला वाटलं याचं आईशी पटत नाही. मी महिनाभर त्याला हो म्हटलं नव्हतं!

मी प्रशिककडं पाहिलं. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मग मलेच हसू आलं, ती पण हसली. पण हसून काय होते, तिची आई तर तिकडं बसली आहे.

मी तिच्या तुम्हीले कलेक्टर ऑफिस म्हटलं. तिकडं माह्या तूले तिच्या आईनं लाथ समजली. दोघी सारख्याच शहाण्या.

२० एप्रिल
पाठांतर चालू आहे. तपाईंलाई सन्चै छ? म्हणजे तुमची तब्येत बरी आहे ना. ब्लाउजची बाही लावता लावता म्हणते, सुई बोटात जाते. मयुरा म्हणे, कोणता मंत्र आहे काकू? मी म्हटलं, घर वाचवायचा.

ह्यांचं वेगळंच. म्हणतात, तू माफी मागून टाक. मी काहून मागू? चूक झाली म्हणीन, पण मनात वाईट होतं असं नाही म्हणणार!

२६ एप्रिल
लावला फोन. पोट्ट्याले नाही सांगतलं, ह्यांलेही नाही. शनिवार होता, त्यायच्या शाळेले सुट्टी. या वेळी पंधरा मिनिटं धरून लावला.

तपाईंलाई सन्चै छ, म्हटलं. मग बाई हळूच म्हणाली, कौसल्याजी, किसने सिखाया? म्हटलं, तुमच्या पोरीनं. त्यापुढचं मले येत नाही, आता हिंदीतच ऐका.

अन् मग बोलली मी. म्हटलं, पद्माजी, आमच्याकडं अनोळखी बाईले आप म्हणतात. भाडेकरीण असन, डॉक्टरीण असन, तिले आप. जिच्या दारात भांडता येते, जिच्या घरून न विचारता कढीपत्ता तोडून आणता येते, तिले तू. तुमचा चेहरा पाहून मले तू आलं, माहा दोष आहे. पण तुमच्याशी जे कोणी वाईट बोललं त्यातली मी नाही. पुढं जन्मभर आप म्हणीन. मले जड जाईन, पण म्हणीन.

मग ती म्हणे, मला उन्हाची भीती नाही. टीव्हीतल्या सासूचीही नाही. सृजना गेल्यावर या घरात माझ्याशी बोलणारं कोणी उरत नाही, त्याची आहे. तुमचा तो शब्द मला सापडला म्हणून मी तोच धरून बसले.

मी विचारलं, जेवल्या का? ती म्हणाली, आमच्याकडंही पहिलं हेच विचारतात.

४ मे
पद्माजींचा रोज फोन. आज त्यांनी दही घातलेल्या बटाट्याची रीत सांगतली, त्यांच्या गावचा खास पदार्थ म्हणे. मी केला अन् वरून आपली चरचरीत तर्री टाकली. फोटो पाठवला तर त्यांनी कपाळाले हात लावलेलं चित्र पाठवलं.

१२ मे
बुद्धपौर्णिमा. विहारात खीरदान झालं. सायंकाळी फोन आला — हो म्हणाल्या!

ह्यांचे डोळे भरले. प्रशिक गच्चीवर जाऊन एकटाच नाचून आला, मयुरानं पाहिलं. मी ताबडतोब मागच्या खोलीतून माह्यं मशीन अन् कापडाची गाठोडी काढली. नवीन जोडप्याले खोली पाहिजे.

१८ मे
खोली नको म्हणतात.

दोघं समोर बसले. प्रशिक बोलला. तिले तानसेनमध्ये काम मिळालं आहे, तिथली जुनी घरं उभी ठेवायचं. तो तिथून खालच्या बुटवल शहरात काम पाहीन. तिची आई एकटी आहे. इथं मी अन् हे दोघं आहो, त्याची बहीण मिनल रामटेकले दिली आहे, हाकेवर. आई, आम्ही तिकडं राहिलो तर?

पोरगी नवऱ्याच्या घरी येते, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. धरूनच चालली होती. इतके दिवस पद्माजींले एकटं पडायची भीती, आता ती माह्या वाट्याले.

मी उठून मशीनवर बसली. कोणाचं काय शिवलं, आठवत नाही.

१९ मे
हे म्हणाले, लुंबिनी तिथून जवळ आहे. मी बोलली नाही त्यांच्याशी.

२१ मे
पद्माजींले मीच फोन लावला. म्हटलं, पाठवते. रडली मी, लपवलं नाही. म्हटलं, एकच मागते. तिथं माह्या पोराले सगळे जावईबापू म्हणतील, तपाईं म्हणतील, हजूर म्हणतील. त्याले तू म्हणणारं कोणीच नसन. तुम्ही म्हणजा.

त्या घाबरल्याच. जावयाला तँ? लोक काय म्हणतील, कौसल्याजी!

मग हळू आवाजात म्हणाल्या, दार लावून म्हणेन.