आवडीसाठी दोनशे एकसष्ट नावं

११ जानेवारी १९९९, सोमवार

आज परत तीच घोडी! कल्याण स्टेशनाबाहेरच्या टांगा-स्टँडवर. पट्टा घासून खांद्याला जखम — तळहाताएवढी, तिच्यावर फडकं, फडक्यावर माश्या. आणि टांग्यात पाच माणसं, वर तांदळाचं पोतं!

टांगेवाला गुणाजी, आंबिवलीकडचा. जुनी ओळख. पोस्टात होतो तेव्हा त्याची पत्रं मीच वाचून दाखवायचो. म्हटलं, "अरे, चार दिवस सोड तिला." "सोडतो की मास्तर," म्हणाला, आणि नुसती जीभ वाजवली. घोडी निघाली.

जेवण गेलं नाही. कलावती म्हणते, "रिटायर झालात ते लष्कराच्या भाकऱ्या भाजायलाच!" बायकोचं काय जातंय बोलायला.

१३ जानेवारी

भाच्याने, सुधीरने, स्टँडसमोरच्या गाळ्यात दोन कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढलाय. म्हणाला, "मामा, कागदी अर्ज कसले करता? ई-मेलवर करा. खाली नाव लिहायचं, पुढच्याला पाठवायचं. जगभर फिरतं ते. शेवटी सगळी नावं संस्थेकडे जातात."

पस्तीस वर्षं टपाल पोचवलं मी. पोचलेलं पत्र वाचलं जातंच असं नाही, एवढं कळतं मला. तरी मजकूर सांगितला — या घोडीला निर्दय मालकाच्या तावडीतून सोडवावं. 'निर्दय' मुद्दाम घातलं. सुधीरने इंग्रजी केलं. पहिलं नाव माझं. मग फोनची लाईनच लागेना. पाठवायचं राहिलं.

१६ जानेवारी

सुधीरचा निरोप — लाईन लागली. गेलं!

२८ जानेवारी

सत्तावीस नावं. पुण्याची, नाशकाची, एक दुबईचं. पोस्टाने एवढ्यात दुबईचं उत्तर आलं नसतं.

५ फेब्रुवारी

दोनशे एकसष्ट!! फिनलंडच्या कुणा बाईने लिहिलंय, आवडीच्या आठवणीने तिला घास गिळवत नाही. आवडी म्हणजे घोडी. गुणाजीने आईचं नाव ठेवलंय तिला. सुधीर वाचून दाखवत होता, मला हसू आलं आणि भरूनही आलं. फिनलंड!

कलावतीला सांगितलं. "त्या बाईने चारा पाठवला का?" हिचं हे असं.

१० फेब्रुवारी

आले! मुंबईच्या प्राणिमित्र संस्थेची माणसं, टेंपो, दोन पोलीस. नावांचा गठ्ठा हातात. हवालदार गुणाजीला सांगत होता, "अरे बाबा, फॉरेनवरनं लिहून आलंय, आमच्या हातात काय नाय."

मी समोर चहाच्या टपरीआड उभा. आवडी टेंपोत चढेना. शेवटी गुणाजीनेच चढवली — मानेवर हात ठेवून, काहीतरी पुटपुटत. टेंपो गेला. हा हातात तोबरा घेऊन उभा, आतला हरभरा तसाच.

आनंद होईल वाटलं होतं. खरं लिहायचं तर झाला. रात्रीपर्यंत टिकला नाही.

१३ फेब्रुवारी

गुणाजी घरी आला. उंबऱ्याशीच बसला, आत येईना.

"मास्तर, एक अर्ज लिवा. आवडीला शीळफाट्याच्या पुढं ठेवलीय. मला आत सोडत नाय. तिला दुसऱ्याच्या हातचं चालत नाय, मास्तर. परत जुंपनार नाय म्हनून लिवा. नुसती भेट मागतोय."

लिहिला. अक्षर इतकं वाईट माझं कधी आलं नव्हतं. कोणी केलं हे, असं आता विचारील, मग विचारील — वाट बघत होतो. विचारलं नाही. त्याने अंगठा उठवला आणि अर्ज घडी न घालता, जपून नेला. कलावतीने त्याला चहा दिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१६ फेब्रुवारी

संस्थेत फोन केला. बाई चांगल्या होत्या बोलायला. खात नाहीये, म्हणाल्या, पण होईल सवय, डॉक्टर रोज येतात. मी म्हटलं, मालकाला एकदा भेटू द्या.

"अहो, पहिलं नाव तुमचंच ना? निर्दय मालक, असं तुम्हीच लिहिलंय. त्याला कसं आत घेणार?"

तसाच सुधीरकडे गेलो. म्हटलं, नवीन ई-मेल कर — मालकाला भेटू द्या, घोडी उपाशी आहे. त्याच सगळ्यांना पाठव.

२२ फेब्रुवारी

उत्तरं चार. तिघं विचारतात, ही थट्टा आहे का. चौथ्याने शिव्या दिल्यात. फिनलंडच्या बाई गप्प.

गुणाजीच्या अर्जालाही उत्तर नाही. तो रोज जातो आणि फाटकाबाहेर बसून येतो.

२५ फेब्रुवारी

आवडी गेली. काल दुपारी. जखम भरत आली होती, असं संस्थेच्या बाई फोनवर म्हणाल्या.

मीच जाऊन गुणाजीला सांगितलं. स्टँडवर रिकाम्या टांग्यात बसला होता. म्हणाला, "शेवटाला पानी तरी पाजलं का कोनी?" मी म्हटलं, हो. मला काय माहीत!

सांगून टाकणार होतो, की अरे, हे माझंच काम. ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं नाही. साठीला आलो आणि असा भित्रा निघालो. त्या मुक्या जनावराचं भलं करायला गेलो होतो मी, देवाशपथ.

२६ फेब्रुवारी

दूध आणायला लांबून गेलो. स्टँड टाळून.

४ मार्च

सुधीरकडे गेलो. म्हटलं ती यादी पुसून टाक, माझ्या नावासकट. त्याने कागद पुढे केला. पहिलं नाव माझं. दुसरं — गुणाजी दामाजी, आंबिवली.

"हा आलेला ना मामा, लाईन बंद होती तेव्हा. मी बोललो, मामांनी तुझ्या घोडीसाठी अर्ज केलाय. तर म्हणाला, मास्तरांनी लिवलंय ना, मग माझं पण नाव टाका, तिला औषध मिळंल. आता त्याला आतला मजकूर काय सांगणार? टाकलं."

म्हणजे अर्ज माझा, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. तरी दुसरा अर्ज लिहून घ्यायला तो माझ्याकडेच आला.