प्रतिज्ञापत्राचा कीबोर्ड

२ जुलै, दुपार
आज सकाळी अकरा चाळीसला माझं आयुष्य बदललं. स्थळ: कोर्टासमोरचं वकिलांचं ऑफिस. गेलो होतो गॅप सर्टिफिकेटला. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं, कारण त्या कॉलेजची लायकी नव्हती. आता बाबांना वाटतं मी पुन्हा ॲडमिशन घ्यावी. त्यासाठी मधलं वर्ष कुठे गेलं याचं प्रतिज्ञापत्र लागतं. किळसवाणी पद्धत.
तिथे टायपिंगला समीक्षा. टेबलावर नावाची पाटी आहे. तिने मनगट झटकलं आणि म्हणाली, ह्या मेल्या कीबोर्डाने हात मोडला माझा. वकीलसाहेब फोनवर होते, बाकावरचे आजोबा झोपले होते. म्हणजे मलाच म्हणाली.
काम केलं नाही. कागद विसरलो म्हटलं. कागद खिशात होते.

३ जुलै
निश्चय: तिला कीबोर्ड बनवून देणार.
व्हिडिओ पाहिले. कीबोर्डच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर. तो ओपन सोर्स मिळतो, हवा तसा बदलता येतो. एका कळीवर अख्खं वाक्य बसतं. समीक्षा दिवसभर 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' हेच बडवत असणार. एक कळ, सगळं बाहेर, मनगट वाचलं. पुढचं उघड आहे.
पुण्याच्या एका माणसाकडून जुना, प्रोग्रॅम बदलता येणारा कीबोर्ड मागवला. वेळ लागेल: दोन दिवस.

८ जुलै
आला. कुरिअरवाल्याने सुक्या मासळीच्या गोणीवर ठेवला होता. वरून बोंबलाचा वास, आत कळांच्या फटीत कुणाचे तरी केस आणि चिवडा. शी. हा माणूस जेवतो कुठे?
सगळ्या कळांच्या टोप्या उपटून धुतल्या, आईच्या सुपात वाळत घातल्या. आई म्हणाली, त्यात मी तांदूळ पाखडते रे, कुणाचे दात आणून ठेवलेस?
या घरात काही निर्माण होणं शक्य नाही.

९ जुलै
लॅपटॉपला कीबोर्ड दिसतच नाही. दोन तास गेले. फोरमवर कुणीतरी विचारलं, केबल फक्त चार्जिंगची आहे का. असल्यांना मी उत्तर देत नाही.
संध्याकाळी माळनाक्यावर मुझम्मिलच्या मोबाईल रिपेअरच्या दुकानातून दुसरी केबल आणली. लगेच दिसला. योगायोग.

११ जुलै
ऑफिसात जाऊन आलो. फोटो कमी पडतोय म्हटलं. समीक्षा एका बाईंना सांगत होती की ती टायपिंग क्लासात, खऱ्या टाइपरायटरवर शिकली, आणि बोटं अजून त्याच जागा शोधतात. बोटं जागा शोधतात. काय बोलते. असं बोलणारी एक मुलगी आमच्या कॉलेजात नव्हती.
घरी येऊन प्रोग्रॅम चालवला. एकतीस चुका. कारण, एक स्वल्पविराम राहिला. एका स्वल्पविरामासाठी माणसाचा एवढा अपमान? कॉलेज मी याच वृत्तीला कंटाळून सोडलं.

१२ जुलै
आज चुका चव्वेचाळीस. पण यातल्या बऱ्याच जुन्याच आहेत.

१४ जुलै
चाललं. एक कळ दाबली आणि लॅपटॉपवर अख्खं वाक्य उमटलं, वेलांट्या-उकारांसकट. तीनदा दाबून पाहिलं.
मुझम्मिलला दाखवायला नेला, ही चूक झाली. म्हणाला, सुजय, कीबोर्ड अक्षर पाठवत नाय रे. कितवी कळ दाबली तेवढं सांगतो. अक्षर कुठलं ते पलीकडचा कॉम्प्युटर ठरवतो. तिच्याकडे मराठीची मांडणी कुठली आहे, विचारलंस काय? म्हटलं, मराठी एकच असते. तर म्हणतो, बरं, तिच्याशी एकदा तरी बोललायस काय?
हा प्रश्न तांत्रिक नव्हता. निघून आलो. मत्सर, दुसरं काय.

१६ जुलै
कोपऱ्यातल्या कळीवर खास वाक्य बसवलं: 'समीक्षा, मनगट कसं आहे?' सौम्य ठेवलं. एकदम घाबरायला नको.
बाबा म्हणाले, ॲडमिशनची शेवटची तारीख शुक्रवार. म्हटलं, शुक्रवारीच जाणार आहे ऑफिसात. यात खोटं काही नाही.

१८ जुलै, दुपारी दोन
इस्त्रीचा शर्ट घातला. नेला.
समीक्षाने बघितलं, म्हणाली, अजून एक मागवला काय साहेबांनी? मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.
जोडला. कळ दाबली. पडद्यावर दोन विसर्ग, एक लोंबता रफार, चार ढ आणि मग वेलांट्यांची रांग. ती म्हणाली, आमच्याकडे टाइपरायटरची मांडणी आहे हो, हा कुठल्या भलत्याच मशीनचा. कोपऱ्यातली कळ दाबली. पुन्हा ढ. मनगटाचा पत्ताच नाही.
पहिल्या कळीवर काय यायला हवं होतं ते सांगितलं. ती हसली. म्हणाली, ते कोण टाइप करतंय, तयार फाईल असते. नाव-गाव बदलायचं, झालं. मग हात कशाने दुखतो, विचारलं. म्हणाली, तो जुना कीबोर्ड होता, साहेबांनी गेल्या आठवड्यातच बदलला.
टेबलावर खरंच नवा होता. गेल्या शुक्रवारी आलो तेव्हाही असणार. मी त्या बाजूला बघत नव्हतो.
तिने माझा काढला, तिचा लावला. विचारलं, तुमचं काय काम होतं? म्हटलं, गॅप सर्टिफिकेट. फाईल उघडली. मधलं वर्ष कुठे गेलं, याची उत्तरं मी सोळा दिवस मनातल्या मनात जमवली होती. तिथे 'घरगुती अडचणीमुळे' असं आधीच लिहिलेलं होतं. सगळ्यांचं तेच असतं, म्हणाली.
मग बोटं कळांवर ठेवून पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. म्हणाली, नाव?
सुजय सखाराम मयेकर. तीन सेकंदात झालं. माझ्या कळीपेक्षा लवकर.
सही केली. कीबोर्ड काखेत मारला, केबल मागे लोंबत होती. ती म्हणाली, एसी चालू आहे, जाताना दार लावून घ्या.
लावून घेतलं.