पक्क्या दातांनीच अड्याळला

६ जानेवारी
खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसले. डॉ. तृप्ती, वय माझ्या सुनेएवढं. म्हणे, काका, हाडाने स्क्रू पकडायला तीन महिने लागतात, तोवर जोर नको. ६ एप्रिलनंतर त्यावर कवळी अडकवू. १४ एप्रिलला आमच्या गावी, अड्याळच्या विहारात जयंतीचं भाषण. आठ दिवस हाताशी. प्लॅनिंग याला म्हणतात.
मागच्या वर्षी दोन वाक्यं बोललो आणि खालची कवळी माइकवर. पहिला हसला तो गोपीचंददादा. सख्खा भाऊ. तेव्हाच ठरवलं, आता अड्याळला जाईन तो पक्क्या दातांनीच.

२२ जानेवारी
पुतण्याचा, अंकुशचा फोन. दादाचं पोट बिघडलंय. म्हणे, काका, बाबा तुमची आठवण काढून राहिले. दादाचं पोट लहानपणापासूनच बिघडलेलं. एप्रिलला येतो म्हणालो.

९ फेब्रुवारी
पेज. शिरा. पेज. जवाहरनगरला फॅक्टरीत तीस वर्षं एक्झामिनर होतो. लोड दिल्याशिवाय माल पास करायचा नाही, हा माझा नियम. जुनी कवळी स्क्रूंवर दाबून बसवली. फुटाणे ५. रिझल्ट ओके. पार्वता म्हणे, डॉक्टरीणबाईले इचारा ना जी. बायकोला टेस्टिंगमधलं काय कळतं.

१६ फेब्रुवारी
फुटाणे १५. उजवीकडे ठणका. हाड पकडतंय.

२ मार्च
दादाला लिव्हरचा कॅन्सर. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. दादाने स्वतः फोन घेतला. म्हणे, यादो, येऊन जा ना बे, दात कायले पायजेत, मी तं पाणीबी गिळून नाही राहिलो.
आवाज खोल गेलाय. पण जोक मारतो म्हणजे तब्येत ठीक. पाच आठवडे काढेल. माझ्या लग्नातही दोन तास उशिराच आला होता, त्याला कधीच घाई नसते.

११ मार्च
उजवा स्क्रू जिभेने हलतो. टेस्टिंग तात्पुरतं बंद. पार्वता म्हणे, चला ना अड्याळले, किती दूर हाय. म्हटलं, ६ एप्रिल.

१९ मार्च
गाल सुजला, पू झाला. डॉ. तृप्तीने स्क्रू दोन बोटांनी काढला. काही कडक खाल्लं का, विचारलं. नाही म्हणालो. पार्वताने पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढून तिच्या टेबलावर ठेवली.
जखम भरल्यावर नवा स्क्रू, मग पुन्हा तीन महिने. भाषण गेलं. दादाकडे तसंच जावं, असं मनात आलं. पण असल्या थोबाडाने? सूज उतरली की नक्की.

२३ मार्च
सूज अर्धी. आजाऱ्याजवळ इन्फेक्शन घेऊन जाणं बरं नाही. बुधवारी जातो.

२५ मार्च, पहाटे ५.४०
अंकुशचा फोन. पार्वताने पिशवी भरायला घेतली.

२६ मार्च
काल अड्याळ. अग्नी देण्याआधी त्रिशरण म्हणायचं होतं. धाकटा भाऊ म्हणून अंकुशने माझ्याकडे पाहिलं. कवळी घरीच राहिली होती. बुद्धं सरणं म्हणताना नुसती हवा गेली. माणसं मान खाली घालून माझ्यामागे म्हणत राहिली. मला फार वाटलं, कोणीतरी हसावं. कोणी हसलं नाही. दादा असता तर पहिला हसला असता.