खारीचा डोळा

प्रिय खारुताई,

सगळ्यांच्या आधी कोण टपकलं असेल, सांग बरं! तुझा बाप. जगाची घड्याळं दुरुस्त करणारा माझा हा लेक कधी कुठे वेळेवर पोचलाय? स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. आणि परवा चहा चारचा, तर हा साडेतीनलाच दारात. मी कोपरापर्यंत भांड्यांच्या साबणात, केस सुटलेले. म्हणाला, "आई, जरा बस गं, तोंड बघ कसं उतरलंय." आता बसले असते तर मला उठवायला चार माणसं लागली असती, हे त्याला कोण सांगणार!

दमले गं पोरी. गुडघे आधीपासून कुरकुरत होतेच, आता बोटंही त्यांना सामील झालीत. पानं गळायला लागली की साच्यातल्या बिस्किटांचा चहा करायचा, हे खूळ माझंच. गेल्या वर्षी केला नाही, मनच नव्हतं. यंदा शेजारच्या शिंपीणबाई रोज कुंपणावरून टोचायला लागल्या, "आजी, पानं कुजायला आली, चहा कधी?" मग काढला आजोबांनी कोरलेला तो लाकडी साचा. तीच शेपूट उडवून बसलेली खार. तू सहा वर्षांची असताना खार आंधळी आहे म्हणून खिळ्याने तिला डोळा पाडलास, आठवतं? साच्यात भोक पडलं, म्हणजे बिस्किटावर वर आलेला टपोरा डोळा. बापाने तुला तासभर कोपऱ्यात उभं केलं आणि तेव्हापासून तू खारुताई.

तर आदल्या दिवशी पीठ मळलं. दालचिनी, संत्र्याची किसलेली साल, सगळं मापात. साच्याला मैदा भुरभुरवला, पीठ अंगठ्याने दाबलं, ओट्याच्या कडेवर आपटून एकेक खार बाहेर काढली. रात्रभर फडक्याखाली सुकवली, म्हणजे नक्षी हलत नाही. सकाळी ओव्हनमध्ये घातली आणि बघते तर काय, खारी फुगायला लागल्या! शेपट्या गेल्या, कान गेले, निव्वळ बटाटे. सवयीने हात केकच्या सोड्याकडे गेला होता गं. मी शिकलेली किती, तुला ठाऊक आहे. कागदावरचं वाचून मला कधी करता आलं नाही. दर वर्षी तू ओट्याशी उभी राहून ओरडायचीस, "आजी, सोडा नाही!" त्यावर माझं चालायचं.

पुन्हा करायचं बळ नव्हतं. तीच ठेवली बशीत. शिंपीणबाई म्हणाल्या, "मांजर छान जमलीय हो." आपले म्हातारे पोस्टमन म्हणाले, "मांजर कुठली, हे तर आमचे जुने साहेब, हुबेहूब." इतके हसलो की चहा सांडला. किती महिन्यांनी या घरात हसण्याचा आवाज झाला!

तुझा बाप तेवढा हसला नाही. एक बिस्किट उचलून खिडकीपाशी गेला. सगळी नक्षी पुसली होती, पण डोळा मात्र टपोरा, जागच्या जागी. मग ओट्यावरचा साचा घेतला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. म्हटलं, बुजवतोय बहुतेक. मीच पूर्वी दहादा सांगितलं होतं, मेण भरून टाक म्हणून. तर हा घड्याळाच्या बारीक सुईने त्या भोकात अडकलेलं जुनं पीठ कोरून काढत बसला. फुंकर मारली, पुन्हा कोरलं. आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सोडा नाही म्हणून सांगायला कुणी नव्हतं का?"

मी कप विसळायला वळले. त्याच्या घड्याळाच्या दुकानाची किल्ली गल्ल्यावर ठेवून, न सांगता तू परगावी नोकरीला गेलीस. तेव्हा "पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस" म्हणणारा हाच. दोन वर्षं झाली, त्याने तुझं नाव घेतलं नाही. परवाही घेतलं नाही. पण एक बिस्किट रुमालात बांधून खिशात घातलं, ते मी पाहिलं.

म्हणून लिहायला बसले, बोटं दुखत असताना. मी तुला लिहिलंय हे त्याला माहीत नाही. आता मला एकटीने साचा दाबवत नाही, हे एक कारण समज. आणि तुम्हा दोघांमध्ये आधी कोण बोलेल याची वाट बघायलाही माझ्यात जोर उरला नाही, हे दुसरं. तू त्याच्याशी काही बोलू नकोस हवं तर. शनिवारी ये, ओट्याशी उभी राहा आणि माझ्यावर ओरड, बास. पोस्टमन म्हणालेत, खऱ्या खारी खाल्ल्याशिवाय सोडणार नाही. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी चार वाजता सगळे पुन्हा यायचे आहेत; तू यायचा शनिवार म्हणजे त्याच्या आदला. तुझा बाप म्हणाला, तो साडेतीनलाच येईल.

तुझीच,
पिठात बरबटलेली आजी