परवाचा वायदा

लिहून देणार : तुझा धाकटा भाऊ, वय एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी (वर्गात दुसरा), धंदा शिंपी, हल्ली मुक्काम परदेश, हुद्दा स्वयंसेवक.

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार. गुडघ्यांची सूज आणि माझ्यावरचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा करतो. "पंधरा दिवसांत रडत परत येशील," असे तू सबंध आळीसमक्ष म्हणाली होतीस. त्यास चार महिने उलटले. मी रडलो नाही. (कांदा चिरताना रडलो, ते धरू नये.) "कधी येतोस ते एकदाचं सांग, नाहीतर दुकानाची किल्ली तुझ्या भाच्याला देते, तो तिथं मोबाइल विकेल," या तुझ्या धमकीचे उत्तर शेवटी आहे. तोवर हकिकत वाचावी.

येथील ज्या सेवाभावी संस्थेकडे आलो, तिने मला वस्तीतील फाटके कपडे विनामूल्य शिवून देण्यास बसविले आहे. (आळीत "बिनपगारी" न म्हणता "मानद" म्हणावे.) खोलीत एक टेबल, एक यंत्र, एक कपाट, खिडकीतून समोरची भिंत दिसते, ती स्वच्छ आहे. पहिल्याच दिवशी एक निवृत्त बसचालक कोटाचे अस्तर उसवले म्हणून आला. काम चहा निवण्याआधी झाले. पण आयुष्यभराची सवय. कोट कपाटात टाकला आणि दोन बोटे दाखविली, म्हणजे परवा. आपल्या दुकानात परवा म्हटले की गिऱ्हाईक आठवड्याने येई, आणि तेव्हाही आपण परवाच म्हणत असू. हा गृहस्थ खरोखर परवा आला. विश्वास ठेवणाऱ्या माणसापुढे शिंप्याने काय करावे, हे मला कोणी शिकविलेले नाही. गोंधळून मी पुन्हा दोन बोटे दाखविली. तो रागावला नाही. खुर्ची ओढून बसला व त्याच्या भाषेत बायकोच्या आजारपणाची (असावी) हकिकत सांगू लागला. मी आपल्या भाषेत तुझ्या गुडघ्यांची सांगितली. पुढे परिचारिका आली, पाववाला आला. सर्वांस परवा.

एके दिवशी संस्थेच्या बाईंनी कपाट उघडले, तो सर्व कपडे तयार. झालेले काम दडवून लोकांना हेलपाटे का, असे त्यांनी खुणांनीच, पण फार मोठ्याने विचारले, आणि त्याच दुपारी सर्व कपडे वाटून टाकले. दुसऱ्या दिवशी खोलीत मी आणि समोरची भिंत. त्या दिवशी मी परतीच्या तिकिटाची चौकशी केली, हे तुझ्यापासून लपवीत नाही.

नंतर बसचालक तोच कोट घेऊन आला. अस्तर पुन्हा उसवलेले. आपोआप सुटलेला टाका आणि ब्लेडने कापलेला टाका मला ओळखता येतो, हे बिचाऱ्यास ठाऊक नव्हते. बाईंनी कोट पाहिला, मला पाहिले, आणि एक लांब बाकडे आणून ठेवले. मी दोन बोटे दाखविली.

तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर : मी परवा येतो.

ता. क. : त्या दुकानात काजे करण्यात तुझी हयात गेली. "परवा नक्की" हे गिऱ्हाइकांना माझ्याहून तूच गोड सांगायचीस. तेव्हा अधिक खुलासा करीत नाही.

दुसरा ता. क. : किल्ली भाच्याला द्यावी. मोठी कात्री देऊ नये, ती येथे हवी आहे. टपालाने धाडू नये, हरवेल. कोणाला तरी घेऊन यावे लागेल. काजे मला एकट्याला उरकत नाहीत, आणि बाकड्यावर पाय लांब करून बसता येते.

समक्ष हजर : परिचारिका, पाववाला आणि निवृत्त बसचालक (कमरेला टॉवेल गुंडाळून, पँट कपाटात आहे, परवा मिळेल).