चित्रीकरणात निघालेल्या माझ्या खऱ्या चिठ्ठीबाबत

प्रति,
मा. संचालिका,
सार्वजनिक गृहनिर्माण कार्यालय,
ब्रँटफील्ड, न्यूयॉर्क राज्य

विषय : सोडतीत लागलेल्या बैठ्या घराचा ताबा मिळणेबाबत.

संदर्भ : (१) माझा अर्ज, सप्टेंबर १९९१. (२) मार्चपासून बंद लिफ्ट. (३) अंड्याचे सँडविच, एक. (४) श्रीमती कोवाल्चिक यांचा घसा.

महोदया,

१. मी अर्नेस्टीन गॅड्सडेन, वय ७१, आपल्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहते. उतरायला बावीस मिनिटे लागतात. चढण्याचे मोजत नाही.

२. गोऱ्यांच्या वस्तीत आम्हा काळ्या भाडेकरूंसाठी बैठी घरे बांधा, असे न्यायालयाने सांगितले तेव्हा गावात रण माजले. सोडत अर्ध्यावर थांबली, चिठ्ठ्यांचा पिंजरा कोठारात गेला. माझा अर्ज तेव्हापासून "विचाराधीन" आहे.

३. त्या रणावर आता टीव्ही मालिका होत आहे. मला 'गरीब भाडेकरू' म्हणून घेतले. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, जरा गरीब दिसा ना!" मी घरच्याच कपड्यांत होते.

४. श्रीमती कोवाल्चिक 'संतप्त नागरिक' होत्या. "ही माणसं आली की वस्ती बुडालीच!" त्या ओरडल्या. हेच वाक्य त्या १९९१मध्ये फुकट ओरडल्या होत्या.

५. आपल्या कार्यालयाने चित्रीकरणाला कोठारातला तोच पिंजरा दिला, आतल्या चिठ्ठ्यांसकट. महापौराचे काम करणाऱ्या नटाने हात घालून मोठ्याने वाचले, "अर्नेस्टीन गॅड्सडेन!" मी खरोखर रडले. दिग्दर्शक म्हणाले, "वा! पुन्हा एकदा."

६. सोडतीचा आपलाच नियम ७ : दोन नगरसेवकांसमक्ष निघालेली चिठ्ठी बंधनकारक. चित्रीकरण बघायला आलेले दोन खरे नगरसेवक हजर होते. एकाच्या हातात संदर्भ क्र. ३ होते. महापौर खोटा होता, हे मान्य. पण नियमात महापौर खरा हवा असे कुठेही नाही. त्या काळचाही फारसा नव्हता.

७. जेवणाच्या सुट्टीत श्रीमती कोवाल्चिक म्हणाल्या, "अगं, माझ्या शेजारचं सोडतीतलं घर वर्षभर रिकामं पडलंय. तू ये. निदान गवत तरी कापशील." तेच घर मिळावे.

उत्तर टपालाने पाठवू नये. पत्रपेट्या तळमजल्यावर आहेत. कृपया वर यावे.

आपली, सात मजले वरून नम्र,
अर्नेस्टीन गॅड्सडेन
९ ऑक्टोबर २०१४

सोबत : चिठ्ठी, श्रीमती कोवाल्चिक यांचे संमतिपत्र (गवताच्या अटीसह).

ता. क. : लिफ्ट मे १९९८मध्येही बंद होती. माझ्या आईला सातव्या मजल्यावरून चौघांनी खांद्यावर जिन्याने खाली नेले.