मानेवरचं गळू आणि पाठीवरची कॉपी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार (पालथं पडूनच लिहितोय, त्यामुळे अगदी खराखुरा). मामीचे गुडघे कसे आहेत? आणि तुमच्या मानेवरचं गळू? आई म्हणाली, अजून बसलं नाही. काळजी घ्या, पण बरं व्हायची घाई नको.

इकडे फिजिओथेरपीचा अभ्यास मस्त चाललाय, फक्त मी नक्की कोण आहे तेच कळेनासं झालंय. आमचे सर सांगतात, हाड डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचं. मानेच्या मुळाशी सगळ्यात वर आलेला मणका चाचपायचा आणि तिथून खाली मोजत जायचं. माझी हाडं लांबूनच दिसतात, म्हणून प्रॅक्टिकलला पाठ माझीच ठरली. आदल्या दिवशी रूममेटने डोळे मिटून माझ्यावर प्रॅक्टिस केली, मणक्या-मणक्यावर मार्करचा ठिपका देत. पहिल्याच ठिपक्याला मी कळवळलो (तिथे मलाही गळू झालं होतं, आजोळची देणगी). तो म्हणाला, "गप रे, एवढं टणक म्हणजे मणकाच." मला वाटलं, अभ्यास म्हटलं की त्रास आलाच.

शाई आम्ही स्पिरिटने पुसली. सकाळी बघतो तर शाईच्या जागी लाल पुरळ, ठिपक्याला ठिपका. म्हणजे बघितलं इतरांनी, मला कुठे दिसतंय. प्रॅक्टिकलला एकेक जण आत यायचा, पुरळ मोजायचा आणि बोट ठेवायचा. सगळेच्या सगळे एकेका मणक्याने चुकले. सर म्हणाले, "चुका आपापल्या असतात. ही कॉपी आहे, आणि ती याच्या पाठीवर छापलीये." मी म्हटलं, सर, मला माझी पाठ दिसत पण नाही. तर म्हणाले, "म्हणूनच एवढा निवांत पडला होतास."

आता मामा, मी चोर, चोरीचा माल, की पेशंट? स्किनचे डॉक्टर म्हणतात पेशंट, पण त्यांचं सर ऐकत नाहीत. रूममेटने सांगून बघितलं, की पहिला ठिपका मणक्यावर नाही, गळवावर पडला होता. सर म्हणाले, "गळू आणि मणका यातला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. दाखव गळू." ते तोवर फुटून बसलं होतं. खरं बोलतोय आणि पुरावाच नाही. सोमवारी पालकांना आणा, नाहीतर दोघांनाही फायनलला बसू देणार नाही म्हणालेत.

तुमचाच,
भाचा

ता. क. पालक म्हणून तुम्ही याल ना? आईला सांगू नका, पाठीवर आता जागा नाही.

आणखी एक ता. क. सर म्हणालेत, कुठलीही मान आणा, मी डोळे मिटून मोजून दाखवतो. चुकले तर आम्ही सुटलो. तेव्हा सोमवारपर्यंत गळवाला काही लावू नका, मामीलाही लावू देऊ नका. आणि सरांनी दाबलं तरी ओरडू नका, त्यांना कळेल.